मला दिसलं ते सांगते

कोळेकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं उलटी करत होत्या.

माधवनगरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचे सामने होते. मी नुकतीच क्रीडाशिक्षिका म्हणून लागले होते आणि गुण लिहायला मला टेबलावर बसवलं होतं. अंतिम सामन्याची वेळ झाली तरी दोन पंचांपैकी एक दिसेना, म्हणून मला शोधायला धाडलं. टाकीमागं एक बारीकशी, सावळी बाई एक हात भिंतीला टेकून वाकली होती. पांढरा शर्ट, काळी पँट, आणि गळ्यातली शिट्टी खराब होऊ नये म्हणून पाठीवर टाकलेली.

मी घाबरले. "बाई, काही खाण्यात आलं का? डॉक्टरांना बोलवू?"

त्यांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, रुमालानं चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "न्हाई गं. फायनल हाय न्हवं, भ्या वाटतंय. माझं दरवेळचं हाय हे. टाइम काय झाला?"

पाच मिनिटांनी त्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. पाय जुळवलेले, मान किंचित पुढं, नजर खेळाडूंच्या पावलांवर. कुणालाही वाटलं असतं, या बाईला कशाचं म्हणून भय नाही. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत त्यांचा तसाच लौकिक होता. "कोळेकर बाई कुणाच्या बापाला भीत न्हाई," असं लोक सांगायचे. मी ते ऐकायची आणि मला ती टाकी आठवायची.

बाई मूळच्या जतच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या. घर धनगराचं. लहानपणी वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं गेलेले. तिकडच्या बोलीत कानडी मिसळलेली असते, तशी ती बाईंच्याही बोलण्यात होती. चकित झाल्या की "अय्यो" म्हणायच्या. चढाईचे तीस सेकंद चालू असताना त्या ओठातल्या ओठात आकडे मोजायच्या, ते कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. टेबलावर घड्याळ असायचं, त्यांनी मोजायची काहीच गरज नव्हती. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "मोजत ऱ्हायलं की पाय कापत न्हाईत." म्हणजे पाय कापायचेच.

पुढं मी पंचांची परीक्षा दिली आणि बाईंच्या जोडीला जाऊ लागले. कबड्डीत दोन पंच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात. त्यांचं जुळलं नाही तर मुख्य पंच निर्णय देतात. जुन्या पंचांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की निर्णय द्यायचा, हात दाखवायचा आणि पुढची चढाई सुरू करायची. प्रशिक्षकाच्या डोळ्यांत बघायचं नाही. सामना संपला की मागच्या दारानं गाडीत बसायचं.

बाईंचं याच्या बरोबर उलट. खेळ चालू असताना त्या फक्त संघाच्या कॅप्टनशी बोलायच्या, नियमच तसा. पण मध्यंतर झालं, किंवा सामना संपला, की ज्या संघाविरुद्ध वादाचा निर्णय गेला असेल त्याच्या प्रशिक्षकाकडं स्वतः चालत जायच्या. हात मागं बांधून, दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहायच्या आणि बारीक आवाजात म्हणायच्या, "सर, मला दिसलं ते सांगते." मग त्या कुठं उभ्या होत्या ते सांगायच्या, काय दिसलं ते सांगायच्या, नियम सांगायच्या. एवढं झालं की, "आता तुमाला काय दिसलं ते सांगा." समोरचा बोलायचा, ओरडायचा, कधी नको ते बोलायचा. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. "बरं सर, तुमचं कळलं," म्हणून परत यायच्या. निर्णय बदललाय असं मात्र मी कधी पाहिलं नाही. आणि जे दिसलं नसेल ते दिसलं नाही म्हणूनच सांगायच्या. चारचौघांत पंचानं "मला दिसलं न्हाई" म्हणणं ही फार धोक्याची गोष्ट असते. तेवढं ऐकायलाच लोक टपलेले असतात.

एकदा कवठ्याकडच्या एका गावात सामने होते. तिथला प्रशिक्षक म्हणजे दांडगा माणूस. मध्यंतरात बाई त्याच्याकडं गेल्या तर तो त्यांच्या तोंडापाशी तोंड आणून ओरडायला लागला. मी शेजारी उभी. तो दम घ्यायला थांबला, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, आवाज कमी करा असं मी म्हणत न्हाई. पर जरा मागं सरा. तंबाखूचा वास येतोय, आन् मला आदीच मळमळतंय."

मागं बसलेली माणसं हसली. तोही कसनुसा हसला आणि खरोखरच दोन पावलं मागं सरला. परत येताना बाई मला हळूच म्हणाल्या, "गंमत न्हाई केली गं मी. खरंच आलं व्हतं वर."

हे सगळं कशासाठी, हे मला विट्याहून परत येताना कळलं. दुपारची एसटी होती, गाडी निम्मी रिकामी. मी विचारलं, "बाई, एवढं भ्या वाटतं तर जाताच कशाला त्या माणसांपुढं? बाकीचे पंच जात नाहीत."

बाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. नव्या नव्या पंच झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका शालेय सामन्यात त्यांनी एका मुलीला बाद दिलं. मुलीचा संघ त्यामुळं हरला. निर्णय बरोबर होता, पण कुणाला काही न सांगता त्या शिकवल्याप्रमाणं मागच्या दारानं जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप निघाली. मागच्या काचेतून त्यांना दिसलं, की त्या मुलीचा प्रशिक्षक तिच्या पायाकडं बोट दाखवून काहीतरी विचारतोय, आणि मुलगी मान हलवून काहीतरी सांगतेय. मग त्यानं तिच्या कानाखाली मारली. ती खाली बसली. त्यानं तिला उठवून परत मारली.

"त्या पोरीचा डावा कान गेला," बाई म्हणाल्या. "पडदा फाटला. मला नंतर कळलं. मी जर त्याला जाऊन सांगितलं आसतं, की सर, पाय मी बघितलाय, अमूक ठिकाणी गेला, तर त्यो माझ्यावर वरडला आसता. राग कुठंतरी निघणारच. मंग माझ्यावर निघू दे की. पोरींवर कशाला?"

मग त्या म्हणाल्या, "आन् मी जीप थांबव बी म्हटलं न्हाई डायव्हरला. भ्याले."

त्यानंतर मीही बाईंसारखी प्रशिक्षकांकडं जायला लागले. पण खरं सांगायचं तर मी त्यांच्या मागं मागं जायची. बोलणाऱ्या त्या असायच्या.

खंडाळ्याचा सामना झाला तो दोन वर्षांपूर्वी. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात एका गावानं मुलींचे निमंत्रितांचे सामने भरवले होते. अंतिम सामना यजमान गावाचा संघ आणि सांगलीकडचा एक संघ यांच्यात होता. यजमान संघाचे प्रशिक्षक जगदाळे सर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाची मुलगी ताठ उभी राहायची. त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरी गोळा करून पाच-सहा वर्षांत संघ उभा केला होता. त्यातली सायली नावाची मुलगी चढाईला फार चपळ. विभागाच्या संघाची निवड करणारे दोघेजण त्या दिवशी मांडवात बसले होते, आणि ते सायलीलाच बघायला आलेत असं सगळं गाव बोलत होतं.

सामना दुपारी सुरू झाला. मैदान मातीचं. सकाळी मारलेली फक्की दिवसभराच्या खेळानं पुसट झाली होती. रेषा कुठं जाड, कुठं नुसताच पांढुरका डाग. बाईंनी आयोजकांना सांगितलं, "परत फक्की मारून घ्या." ते म्हणाले, "मॅडम, मंत्रीसाहेब निघालेत, उशीर व्हतोय." सामना तसाच लावला.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. शेवटची चढाई सायलीची. ती सुरक्षित परत आली असती तर सामना बरोबरीत सुटून जादा डाव मिळाला असता. कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीनं कुणाला शिवलं नाही, तरी समोरच्या अंगणातली निदान रेषा एकदा ओलांडलीच पाहिजे. नाही ओलांडली तर ती बाद. सायली आत गेली, डावीकडं झेपावली, उजवीकडं वळली आणि मध्यरेषेवरून परत आली. गावानं जल्लोष केला, आणि त्याच वेळी बाईंची शिट्टी वाजली. बाईंनी हात दाखवला. निदान रेषा ओलांडलेली नाही. बाद. सामना सांगलीचा.

एक क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मांडवाच्या बाजूनं असा आवाज उठला की माझे कान बंद झाले. मुख्य पंच धावत मध्ये आले. त्यांनी आम्हा दोघींकडं बघून विचारलं, "तुमचं एकमत आहे ना?"

बाईंनी मैदानाच्या त्या बाजूनं माझ्याकडं पाहिलं. त्या मला विचारत होत्या. खरोखर विचारत होत्या.

मला सायलीचा पाय पलीकडं गेलेला दिसला होता. माझ्या बाजूला फक्की थोडी शाबूत होती आणि तिचा उजवा पाय रेषेच्या चांगला वीतभर पलीकडं टेकला होता. पण शिट्टी वाजून गेली होती. माणसं दोरी ओलांडून आत यायला लागली होती. आता "गेला होता" म्हटलं तर गर्दीला भिऊन फिरली म्हणतील, सांगलीचे लोक मला सोडणार नाहीत, आणि बाईंना मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं असं होईल. हे सगळं माझ्या डोक्यात आलं की नंतर मी जुळवलं, मला सांगता येत नाही. मी खाली बघितलं आणि होकाराची मान हलवली.

त्यानंतर आम्हाला कुणीतरी ढकलतच शाळेच्या एका खोलीत नेलं. आत मोडक्या बाकांचा ढीग आणि एक कॅरम होता. बाहेरून कडी लावली. पत्र्यावर दगड पडायला लागले. मुख्य पंच कुणाला तरी फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. बाई एका बाकावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ओठ हलत होते. ओंदु, एरडु, मूरु.

बाहेर जगदाळे सरांचा आवाज आला. बाई उठल्या. "कडी काढा म्हणावं. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मुख्य पंच म्हणाले.

"सर बाहेर हायेत. मी न्हाई गेले तर कसं?"

कडी निघाली. दारात जगदाळे सर उभे होते आणि त्यांच्या मागं शंभरेक माणसं. बाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. एकदा खाकरल्या.

"सर, मला दिसलं ते सांगते. मी उजव्या कडंला, निदान रेघंच्या सरळ उभी व्हते. पोरगी आत आली, तिचा पाय रेघंवर आला. पलीकडं गेलेला मला दिसला न्हाई. म्हणून बाद दिलं."

"बाई, पाय गेलाय पलीकडं," जगदाळे सर म्हणाले. "माझ्या डोळ्यानं बघितलंय मी."

"तुमी समोरनं बघितलं सर. मी कडंनं बघितलं."

मागून कुणीतरी घाण शिवी हासडली. सर गर्रकन वळले. "कोण बोललं रं त्ये? मागं व्हा सगळी! रस्ता द्या. पंचांची गाडी जाऊ द्या." आणि माणसं खरोखर मागं सरली.

जाताना बाई त्यांना म्हणाल्या, "सर, सायलीला काय बोलू नका."

"तिला मी काय बोलणार? सकाळपास्नं पोटात अन्न न्हाई तिच्या."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. मांडवाच्या खांबावरून कुणीतरी फोनवर घेतलेला. त्यावर लिहिलं होतं, पंच विकली गेली. दहा ठिकाणांहून तो माझ्याकडं आला. व्हिडिओत पाय स्वच्छ दिसत होता. रेषेच्या पलीकडं. मी फोन उशीखाली ठेवला आणि शाळेत निरोप धाडला, की तब्येत बरी नाही. बाई तो व्हिडिओ बघणार नाहीत अशी मला वेडी आशा होती.

रविवारी सकाळी सहालाच बाईंचा फोन. "खंडाळ्याला निघालेय. येतीस का?"

"कशाला बाई? लोक काय करतील सांगता येत नाही. संघटनेला पत्र लिहू."

"पत्र लिहू की. पर आदी सांगून येऊ. येणार असलीस तर स्टँडवर ये."

सांगलीहून पुण्याची गाडी पकडली. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाई घाईघाईनं उतरून नळाकडं गेल्या आणि बऱ्याच वेळानं ओल्या तोंडानं परत आल्या. पुढं खंबाटकीचा बोगदा लागला. अंधारात त्यांनी माझं मनगट पकडलं, ते उजेड आल्यावरही सोडलं नाही. मला वाटत होतं, गाडी बंद पडावी.

गावाच्या मैदानावर सराव चालू होता. आम्हाला येताना बघून मुली थांबल्या. झाडाखाली बसलेली चार-पाच माणसं उठून उभी राहिली. त्यातल्या एकानं पायातली चप्पल काढलेली मी पाहिली. जगदाळे सरांनी त्याला हातानंच खाली बसवलं.

बाई त्यांच्यापुढं जाऊन दोन हातांवर उभ्या राहिल्या. "सर, मी व्हिडिओ बघितला. पाय गेला व्हता. माझी चूक झाली."

सर म्हणाले, "आवं बाई, आता काय उपेग त्याचा?"

"काय न्हाई. पर तुमी इचारलं तवा मी न्हाई म्हटलं व्हतं. म्हणून सांगाय आले."

"मला नगा सांगू. त्या पोरींना सांगा."

बाई मुलींच्या पुढं गेल्या आणि तेच परत म्हणाल्या. एका मुलीनं मान फिरवली. सायली मात्र सरळ बघत होती. काटक, सोळा-सतरा वर्षांची, गुडघ्याला पट्टी. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी कुठं उभ्या व्हता?"

"तिथं."

"दाखवा."

बाई चालत त्यांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांनी समोर माझ्या जागी जायची खूण केली. सायली मध्यरेषेवर गेली आणि तिनं ती चढाई पुन्हा केली. डावीकडं झेप, उजवीकडं वळण. तिचा पाय माझ्या डोळ्यांसमोर रेषेपलीकडं टेकला. बाईंच्या बाजूनं तो तिच्याच दुसऱ्या पायाआड झाकला जात होता, हे मला आज इथून कळत होतं. जगदाळे सरांनाही ते कळलं असावं, कारण ते माझ्याकडं वळले.

"आन् या मॅडम? यांना काय दिसलं व्हतं?"

मी पायाखालच्या रेषेकडं बघायला लागले. सगळं मैदान माझ्याकडं बघतंय असं वाटलं.

"शिट्टी माझी व्हती सर," बाई तिकडून म्हणाल्या. "चूक माझीच."

विषय तिथंच संपला. कुणी चहा विचारला नाही. चप्पल काढलेला माणूस रस्त्यापर्यंत आमच्या मागं आला आणि नुसताच उभा राहिला.

परतीची गाडी घाट चढत असताना माझा धीर सुटला. मी रडत बाईंना सांगितलं, मला पाय दिसला होता.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तू खाली बघितलंस तवाच मला काय तरी वाटलं. मी परत इचाराय पायजे व्हतं. न्हाई इचारलं. मला बी सुटाय पायजे व्हतं तिथनं."

"मग आत्ता का नाही बोललात?"

"तुझं मी कसं सांगू?"

"मला माफ करा बाई."

तेव्हा मात्र त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "मला काय सांगतीस? मी काय कोच हाय व्हय?"

साताऱ्याच्या स्टँडवर मी उतरले आणि जगदाळे सरांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. बाई शेजारच्या बाकावर बसल्या होत्या, दुसरीकडं बघत.

"सर, मी त्या दिवशीची दुसरी पंच. मघाशी आले होते."

"बोला."

"मला सायलीचा पाय पलीकडं गेलेला दिसला होता. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली. मी भ्याले."

पलीकडून मुलींचा दम घेण्याचा आवाज येत होता. मग सर म्हणाले, "थांबा. तिला देतो."

मला फोन बंद करून पळून जावंसं वाटलं. सायलीचा आवाज आला. मी तिला तेच सांगितलं. अडखळत, पण सगळं.

"मला म्हाईत हाय मॅडम," ती म्हणाली. "तुमी खाली बघितलं तवा मी तुमच्याकडंच बघत व्हते." मग म्हणाली, "ठेवू?"

मी बाईंना काय झालं ते सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "लय भूक लागलीय. भजी खातीस?"

संघटनेला आम्ही दोघींच्या सह्यांचं पत्र दिलं. निकाल बदलला नाही. तो बदलत नसतोच. सायलीला निवड चाचणीला बोलावलं, तिथं तिचं झालं नाही. पुढच्या वर्षी झालं. आम्हा दोघींना वर्षभर एकही सामना दिला नाही. माझी बंदी संपली. बाईंनी मात्र तोवर डोळे तपासून घेतले होते. साखरेच्या आजारानं डोळ्याचा पडदा खराब झाला होता, आणि तो त्या सामन्याच्या आधीपासूनच होत आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते कागद स्वतः नेऊन संघटनेत दिले आणि पंचगिरी सोडली. जगदाळे सरांनाही फोन करून तेवढं सांगितलं. ते काय म्हणाले, ते मला त्यांनी सांगितलं नाही.

मी आजही सामन्यांना जाते. वादाचा निर्णय झाला की प्रशिक्षकाकडं जाते. आता माझ्या पुढं कुणी नसतं. आदल्या रात्री मला झोप येत नाही. भीती कमी होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई वारल्या. सांगलीत डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर भाचा त्यांना परस्पर गावी घेऊन गेला, आणि तिथं महिन्याभरात हृदयानं दगा दिला. मला कळायला आठवडा लागला.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते. बाईंना हिरवा झगा घातला होता, केस टोपीत कोंबलेले, त्यामुळं चेहरा आणखीच एवढासा झाला होता. नर्सनं चाकाची खुर्ची आणली, ती त्यांनी नको म्हणून सांगितली. भिंतीला हात लावत लावत त्या चालत निघाल्या. दारापाशी थांबून मागं वळल्या आणि मला शोधायला लागल्या. त्यांना मी दिसले नाही. माझ्यापासून चार-पाच खुर्च्या सोडून इस्लामपूरकडची कुणीतरी अनोळखी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. कोळेकर बाईंनी तिलाच मी समजून हात वर केला आणि म्हणाल्या, "जाते गं. लय भ्या वाटतंय."

त्या बाईनं एकदा माझ्याकडं बघून घेतलं. मग तिनं पिशवी खाली ठेवली, उठून उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "जावा आक्का, मी हाय हितंच."